डॉक्टर व्हायला गेलेली मुलगी नाटक घेऊन परत आली

आजचा एपिसोड एका मुलीबद्दल आहे. तिला नाटकाची, नाचाची, चळवळीची ओढ होती. वडील इंजिनिअर. त्यांना वाटायचं पोरीने डॉक्टर व्हावं. त्यासाठी त्यांनी तिला थेट लंडनला धाडलं. स्टोरी ओळखीची वाटतेय ना? फक्त काळ १९३० च्या दशकातला आहे.

मुलीचं नाव शांता गांधी. नाव ऐकलं नसेल तर ओळख दुसरीकडून करून देतो. 'साराभाई व्हर्सेस साराभाई'मधली माया साराभाई आठवते? 'खिचडी'मधली हंसा? रत्ना पाठक शाह आणि सुप्रिया पाठक, दोघी सख्ख्या बहिणी. त्यांची आई दीना पाठक, म्हणजे जुन्या 'गोलमाल'मध्ये अमोल पालेकरची खोटी आई होते ती. आणि दीनाबाईंची थोरली बहीण म्हणजे शांता गांधी. माया आणि हंसाची मावशी म्हणा ना!

शांताचा जन्म १९१७ चा, आपल्या नाशिकचा. घर गुजराती, पण शाळेची महत्त्वाची वर्षं गेली पुण्यात. तिच्या लहानपणाबद्दल बोलतोय तोवर 'ती' म्हणतो. पुढे आपोआप 'शांताबाई' येईलच तोंडात.

पुण्यातली वेगळी शाळा

१९३२ साली शांता पुण्यात एका निवासी शाळेत दाखल झाली. शाळेचं नाव प्युपिल्स ओन स्कूल, मराठीत सांगायचं तर 'विद्यार्थ्यांची स्वतःची शाळा'. चालवायचे जहांगीर वकील आणि त्यांच्या पत्नी कुंवरबाई. हे दांपत्य आधी रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात राहून आलेलं. त्यामुळे घोकंपट्टी, छडी आणि घंटा एवढ्यावर भागणारी ही शाळा नव्हती. गाणं, नाच, नाटक, हाताने काहीतरी करणं हे सगळं तिथे शिकण्यातच धरलं जायचं.

आता गंमत बघा. या शाळेत शांताबरोबर शिकणारी आणि पुढे जवळची मैत्रीण झालेली मुलगी कोण? इंदिरा नेहरू. वडील तुरुंगात म्हणून तिला पुण्यात ठेवलेलं. आणि हीच इंदिरा त्याआधी १९२६ मध्ये, आठ वर्षांची असताना, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये शिकून आलेली होती. आई कमला नेहरूंच्या उपचारांसाठी कुटुंब तिकडे गेलं होतं, तेव्हाची गोष्ट.

ही जिनिव्हाची शाळा १९२४ ची. पहिलं महायुद्ध संपलं, राष्ट्रसंघ स्थापन झाला, आणि जगभरातले अधिकारी जिनिव्हात राहायला आले. त्यांच्या पोरांना कुठल्या देशाचा अभ्यासक्रम शिकवायचा? फ्रेंच, इंग्रज की अमेरिकन? त्या अडचणीतून ही शाळा निघाली. आज ज्याला आपण 'इंटरनॅशनल स्कूल' म्हणतो, त्या कल्पनेची ही सुरुवातीची जागा. पुढे १९६८ मध्ये याच जिनिव्हात इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे आयबी बोर्ड जन्माला आलं. त्यावर नंतर येऊ.

सप्टेंबर १९३२ मध्ये याच पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं उपोषण सुरू झालं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. शाळेपासून काही मैलांवर देशाचा इतिहास घडत होता. इंदिरा त्या दिवसांत गांधीजींना भेटायला येरवड्याला गेली होती. अशा शाळेत, अशा मैत्रिणींमध्ये चौदा-पंधरा वर्षांची पोरगी वाढली तर काय होईल? तिला बाहेरचं जग दिसणार आणि त्यात आपलं काम काय, हा प्रश्नही पडणार.

तेव्हा आपल्या बीडमध्ये काय चाललं होतं?

इथे जरा थांबू. कारण आपले बरेच श्रोते बीड, केज, परळी, माजलगाव, गेवराईकडचे आहेत, आणि पुण्याची गोष्ट सांगून मोकळं होणं बरोबर नाही.

१९३२ ला बीड इंग्रजांच्या नव्हे, निजामाच्या राज्यात होतं. घरात मराठी, पण वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांना परक्या भाषेच्या शाळेत जायला बोट पकडायची गरजच नव्हती, गावातली शाळाच परक्या भाषेतली होती. सभा घ्यायची तर परवानगी. त्यासाठीचं 'गश्ती निशान ५३' हे फर्मान मराठवाड्याच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. खासगी शाळा काढायची तरी सरकारची परवानगी लागायची. चार माणसं एकत्र येऊन काही बोलली की सरकारला संशय. आणि नाटक म्हणजे काय हो? चार माणसं एकत्र येऊन काहीतरी बोलणंच की!

तरी लोकांनी शाळा चालवल्या. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा त्यातली एक. स्वामी रामानंद तीर्थांनी या शाळेत शिकवलं, आणि पुढे तेच हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राज्यातून बाहेर पडलो. तेव्हा पुण्यातल्या शांताला जे सहज मिळत होतं, ते मिळवायला आपल्याकडे आधी राज्य बदलावं लागलं. हा फरक डोक्यात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

लंडन: मेडिकलचं पुस्तक आणि नाचाचा ग्रुप

शाळा संपली. शांता मुंबईत विद्यार्थी चळवळीत ओढली गेली, तीही डाव्या. वडिलांनी विचार केला, पोरगी हाताबाहेर जाण्याआधी हिला मेडिकलला टाकू, आणि इथे नको, लंडनला. आजच्या भाषेत, 'मित्रमंडळी बदलली की अभ्यासात लक्ष लागेल.' आपल्याकडे याच कारणासाठी पोरांना बीडहून लातूरला पाठवतात. त्यांनी लंडनला पाठवलं.

पण झालं उलटंच. लंडनमध्ये इंदिरा होती, फिरोज गांधी होते. इंदिरा काही काळ ब्रिस्टलजवळच्या बॅडमिंटन स्कूलमध्ये शिकत होती. तिथल्या मुख्याध्यापिका राष्ट्रसंघाच्या कट्टर समर्थक, जगभरच्या घडामोडींवर मुलींशी बोलणाऱ्या. पुढे मोठी कादंबरीकार झालेली आयरिस मर्डॉक त्याच शाळेत त्याच वेळी शिकत होती. म्हणजे या मुलींच्या आजूबाजूची हवाच अशी होती, की वर्गाबाहेरचं जग रोज वर्गात येत होतं.

शांता कृष्ण मेनन यांच्या मंडळींमध्ये जायला लागली. हे मेनन लंडनमध्ये भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडत होते. आणि १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारविरुद्ध जनरल फ्रँको उठला होता, आणि युरोपभरचे तरुण त्या सरकारच्या मदतीला धावत होते. लंडनमधल्या या मेडिकलच्या विद्यार्थिनीने काय केलं? ती एका नृत्यपथकात सामील झाली आणि स्पेनच्या मदतीसाठी निधी गोळा करणारे कार्यक्रम करू लागली.

नाशिकची मुलगी, लंडनचा स्टेज आणि मदत स्पेनला. 'इंटरनॅशनल' हा शब्द आपण शाळेच्या बोर्डावर वाचतो. ती तो जगत होती.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शांताला लंडनने नाटक शिकवलं नाही, तिने तिथे अभिनयाच्या शाळेत प्रवेश घेतला नव्हता. लंडनमध्ये तिला कळलं ते वेगळंच. स्टेजवर उभं राहून आपण लोकांना एका गोष्टीसाठी एकत्र आणू शकतो, त्यांच्या खिशातून पैसे आणि मनातून माया काढू शकतो. गॅदरिंगमध्ये टाळ्या मिळवणारी कला आणि जगात काहीतरी हलवणारी कला, या दोन्हींमधला फरक तिला विशीच्या आत समजला.

मग दुसऱ्या महायुद्धाचे ढग जमायला लागले. वडिलांनी बोलावून घेतलं. डॉक्टरकी तिथेच संपली.

अल्मोड्याचं अजब विद्यालय

परत आल्यावर ती गेली हिमालयात. अल्मोड्याजवळ सिमतोला नावाची जागा आहे. तिथे नर्तक उदय शंकर यांनी 'इंडिया कल्चर सेंटर' उघडलं होतं. सतारवाले रवी शंकर यांचे हे थोरले भाऊ. त्यांच्या या केंद्राला पैसा कुठून आला, तर इंग्लंडमधल्या डार्टिंग्टन हॉलच्या एल्महर्स्ट दांपत्याकडून. हे लिओनार्ड एल्महर्स्ट आधी टागोरांबरोबर श्रीनिकेतनला ग्रामसुधारणेचं काम करून गेलेले. आणि डार्टिंग्टनला त्यांनी शेती, शाळा आणि रंगभूमी असं सगळं एकाच आवारात मांडलं होतं. बघा, शांतिनिकेतनातून एक धागा पुण्याच्या शाळेत आला, दुसरा इंग्लंडला गेला आणि अल्मोड्याला परत आला. शांताच्या आयुष्यात दोन्ही धागे भेटले.

अल्मोड्याला शिकवायला कोण? कथकलीला शंकरन नंबुद्री, मणिपुरीला अमोबी सिंह, संगीताला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. जर्मनीत ड्रेस्डेनला जाऊन मेरी विगमनकडे नाच शिकून आलेल्या झोहरा तिथे शिक्षिका होत्या. त्याच पुढे झोहरा सेहगल झाल्या. विद्यार्थ्यांमध्ये गुरुदत्त नावाचा एक पोरगा होता. 'प्यासा'वाला गुरुदत्त! अल्मोड्याहून तो आपल्या पुण्याला प्रभात कंपनीत आला आणि तिथून सिनेमात गेला.

हे केंद्र फार वर्षं टिकलं नाही. पैसे आटले, युद्ध सुरू होतं, बंद पडलं. पण तिथून निघालेल्या लोकांनी पुढची पन्नास वर्षं या देशाच्या स्टेजवर आणि पडद्यावर काम केलं. संस्था किती वर्षं चालली यापेक्षा तिथून काय बाहेर पडलं ते मोजावं, असं मला ही यादी वाचताना नेहमी वाटतं.

इप्टा, भवाई आणि जसमा

मे १९४३ मध्ये मुंबईत इप्टा म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन सुरू झाली. त्या वर्षी बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता, लाखो माणसं मेली. इप्टाचं पथक गावोगाव नाच-गाणी-नाटकं करत फिरलं आणि दुष्काळग्रस्तांसाठी पैसे जमवले. शांताबाई या पथकात होत्या. स्पेनसाठी लंडनमध्ये जे केलं, तेच आता बंगालसाठी. याच डाव्या सांस्कृतिक चळवळीत मराठीकडून अण्णा भाऊ साठे आणि शाहीर अमर शेख लाल बावटा कलापथक घेऊन उभे होते.

१९५० च्या दशकात शांताबाई गुजरातेत मुलांमध्ये काम करायला गेल्या. नाटकाच्या माध्यमातून मुलं कशी शिकतात, याचे प्रयोग सुरू झाले. मग दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एनएसडी निघालं, तिथे त्या शिकवू लागल्या. विषय होता प्राचीन भारतीय नाटक. भासाची संस्कृत नाटकं, 'मध्यमव्यायोग', 'ऊरुभंग', त्यांनी पुस्तकातून काढून पुन्हा रंगमंचावर उभी केली. १९८२ ते १९८४ त्या एनएसडीच्या अध्यक्षा होत्या. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे 'जसमा ओडन'. हे भवाईतलं नाटक. भवाई म्हणजे गुजरातचं लोकनाट्य, आपल्या तमाशाचं भावंडच समजा. गाणं, विनोद, सवाल-जवाब आणि मध्येच राजाला टोमणे.

आता ही गोष्ट नीट ऐका, कारण ती आपली आहे. ओड म्हणजे माती खणणारे मजूर. आपल्याकडे वडार समाज जे काम करत आला, तसंच काम. काम असेल तिकडे कुटुंबच्या कुटुंब घेऊन जायचं, तलाव खणायचा, पुढच्या कामाला निघायचं. दंतकथा अशी, की पाटणचा राजा सिद्धराज जयसिंह मोठा तलाव खणून घेत होता आणि त्या कामावर जसमा नावाची ओडण आली. राजा तिच्यावर भाळला. महाल, दागिने, राणीपद, सगळं देऊ केलं. ती नाही म्हणाली. तिला आपला नवरा आणि आपलं मातीचं काम प्यारं होतं. राजाने जबरदस्ती केली, ओडांना मारलं. मरताना जसमाने शाप दिला, तुझ्या तलावात पाणी टिकणार नाही.

मंडळी, दिवाळीनंतर धारूर, वडवणी, शिरूर कासारच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या तुम्ही पाहिल्या असतील. संसार, चूल, शेरडं, लेकरं, सगळं ट्रॉलीत. मुकादमाकडून उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजायचा. जसमाची गोष्ट मला बाराव्या शतकातली वाटतच नाही. आणि लंडनला जाऊन आलेल्या, इंदिरा गांधींची मैत्रीण असलेल्या बाईने आयुष्यातलं सगळ्यात मोठं नाटक करायला घेतलं, तेव्हा नायिका म्हणून निवडली ती एक स्थलांतरित मजूर बाई.

आजची इंटरनॅशनल शाळा

आता ते आयबी बोर्ड. या बोर्डाच्या अकरावी-बारावीत 'थिएटर' हा गणित-फिजिक्ससारखाच विषय म्हणून घेता येतो. मार्क नुसते प्रयोगाला मिळत नाहीत. तू काय विचार केलास, दिग्दर्शक म्हणून हे नाटक कसं उभं करशील, जगातल्या कुठल्या तरी नाट्यपरंपरेचा अभ्यास कसा केलास, चारजणांबरोबर मिळून नवं नाटक कसं रचलंस, हे सगळं तपासतात. परदेशातल्या अशा शाळेत गेलेल्या सोळा वर्षांच्या पोराचा दिवस असा असतो: सकाळी केमिस्ट्री, दुपारी तालीम, रात्री वहीत तालमीच्या नोंदी. शेजारी कोणी नॉर्वेचा, कोणी केनियाचा. आपल्या पुण्याजवळ मुळशीतही १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, तिथे जगभरची मुलं येऊन हाच अभ्यासक्रम शिकतात.

अशा शाळांचे रील्स बघून आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, स्टेज, लाइट्स, साउंड, वा! आपल्याकडे काय, गॅदरिंगला एक माइक, तोही घरघर करणारा. पण शांताबाईंची गोष्ट नीट बघितली तर कळतं, की खरी महाग वस्तू लाइट्स नाहीतच. खरी महाग वस्तू आहे परवानगी. सोळाव्या वर्षी नाटक करणं म्हणजे वेळ वाया घालवणं असं कोणी म्हणालं नाही, ही परवानगी. तालीमसुद्धा अभ्यासच, ही मान्यता. पुण्याच्या त्या शाळेने शांताला १९३२ मध्ये ती दिली होती, आयबी जन्मायच्या छत्तीस वर्षं आधी.

आणि इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट बोलली पाहिजे. शांताला हे सगळं जमलं कारण घरात पैसा होता. इंजिनिअर वडील लंडनचा खर्च उचलू शकत होते. डॉक्टरकी सुटली तरी चूल विझणार नव्हती. ऊसतोड कामगाराच्या पोरीचं वर्ष हंगामात फडावरच गेलं, तर तिचं नाटक सुटतं तसं गणितही सुटतं. तेव्हा 'आवड जपा, सगळं होईल' असलं पोस्टर मी तुमच्या भिंतीवर चिकटवणार नाही.

पण शांताबाईंनाही हा प्रश्न पडला असणार, असं मला त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामाकडे बघून वाटतं. १९८१ मध्ये त्यांनी मुंबईत 'अवेही' ही संस्था काढली. त्यातून पुढे अवेही-अबॅकस प्रकल्प आला आणि 'संगती' नावाचे शैक्षणिक संच तयार झाले. ते वापरले गेले मुंबई महानगरपालिकेच्या शाळांमध्ये. गोष्टी, चित्रं, चर्चा, खेळ यांतून मुलांनी आपलं शरीर, आपला समाज, आपलं जग समजून घ्यायचं. म्हणजे पुण्याच्या निवडक मुलांच्या शाळेत, लंडनमध्ये, अल्मोड्यात जे मिळालं, ते धुणीभांडी करणाऱ्या आईच्या आणि हमाल बापाच्या मुलांपर्यंत पोचवायची वाट त्यांनी शोधली. डॉक्टर झाल्या असत्या तर चांगल्याच झाल्या असत्या बहुतेक. पण शिक्षणाला एक औषध त्यांनी दिलंच. २००२ मध्ये त्या गेल्या.

मग आपण काय घ्यायचं यातून?

मी स्वतः बीटेक. दिवसभर कोड लिहितो. आमच्या ऑफिसातही काम कसं चालतं? पाच जण एकत्र येतात, प्रत्येकजण आपला भाग सांभाळतो, एकाने चूक केली तर दुसऱ्याने सावरायचं, आणि ठरलेल्या तारखेला पडदा उघडायचा. तालमीत हेच शिकवतात. फरक एवढाच, की कॉलेजच्या गुणपत्रिकेवर त्याचा रकाना नसतो.

त्यामुळे आई-बाबा, काका-मामा ऐकत असतील तर त्यांच्यासाठी: पोरगं एकांकिकेच्या तालमीला गेलं म्हणून सीईटी बुडत नाही. आणि गुरुजी, बाई ऐकत असतील तर: स्टेज नसलं तरी चालेल. इतिहासाच्या तासाला अर्धा वर्ग निजामाची पोलिस चौकी होऊ द्या आणि अर्धा वर्ग परवानगी मागायला आलेले गावकरी. गश्ती ५३ पुन्हा पाठ करून घ्यायची वेळ येणार नाही. हंगामी वसतिगृहातल्या लेकरांना जसमाची गोष्ट सांगा आणि विचारा, पुढे काय झालं असतं? शेवट त्यांनाच करू द्या. त्यांच्याकडे नवा शेवट नक्की असेल, कारण त्यांनी ती ट्रॉली आतून पाहिलीय.

आणि सोळा-सतरा वर्षांच्या माझ्या श्रोत्यांनो, परदेशातली शाळा मिळाली तर जरूर जा, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरा, लाजू नका. नाही मिळाली तर शांताबाईंच्या प्रवासाची दिशा लक्षात ठेवा. नाशिक, पुणे, लंडन, अल्मोडा, दिल्ली, आणि शेवटी मुंबईतली महापालिकेची शाळा.

पुढच्या एपिसोडमध्ये अंबाजोगाईच्या शाळेबद्दल सविस्तर बोलू. तुमच्या घरात निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेलं कोणी असेल तर त्यांच्या आठवणी मला व्हॉइस नोटवर पाठवा, पण त्यांना विचारून बरं का. भेटूया.